मॉरिशसला जाताय? आधी महिना, मग वारा, मग किनारा

मॉरिशसची सहल ठरवताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न हॉटेलचा असतो. कोणतं चांगलं, नाश्ता धरलाय का, खोलीतून समुद्र दिसतो का. ते हॉटेल बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न पडतो तोवर पैसे भरून झालेले असतात. बेट आहेच केवढं? उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. मग कुठेही राहिलं तरी काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे.

पण फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. जुलैतल्या एखाद्या दुपारी पूर्वेच्या बेल मारच्या किनाऱ्यावर वाळूचे कण पोटऱ्यांवर सपासप बसत असतात. टॉवेल अंथरला तर चारी कोपऱ्यांवर चपला ठेवाव्या लागतात आणि पोरं पाण्यातून बाहेर आली की कुडकुडत बसतात. त्याच वेळी पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लाकला, पाणी संथ असतं आणि लोक सुरूच्या झाडांखाली डबे उघडून निवांत जेवत असतात. एकच बेट, एकच तास, आणि दोन कुटुंबांच्या मनात दोन वेगळी मॉरिशस राहतात.

म्हणून निवडीचा क्रम बदला. तुमच्या सुट्टीचा महिना आधी बघा. महिन्यावरून वाऱ्याचा अंदाज येतो, वाऱ्यावरून बाजू ठरते, आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी येतं.

पायरी १: वारा कुठून येतो ते समजून घ्या

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अक्षांशांवर आहे. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, तोही दमट आणि पावसाचा. मे ते ऑक्टोबर हिवाळा, कोरडा आणि थोडा गार. हिवाळा म्हणजे स्वेटर घालून बसायचा नव्हे. किनाऱ्यावर दिवसा २३-२५ अंश असतं. लॅगूनमधलं, म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्या मधलं शांत पाणी मात्र २२-२३ अंशांवर येतं, आणि मुंबईच्या समुद्राची सवय असलेल्याला ते गार लागतं. उन्हाळ्यात हेच पाणी २७-२८ अंशांपर्यंत जातं.

वर्षाचा बहुतेक काळ वारा आग्नेयेकडून येतो. हे व्यापारी वारे. जुलै-ऑगस्टमध्ये ते सर्वांत जोरात वाहतात आणि थेट पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर येऊन आदळतात. बेटाच्या मध्यभागी पठार आहे आणि डोंगर आहेत. वारा ते चढतो, गार होतो, पाऊस तिथेच टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडत असताना खाली वाईला रस्ता कोरडा का असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला मॉरिशस लगेच कळतं. दिशा फक्त उलटी धरायची: आपल्याकडे पश्चिमेची बाजू भिजते, तिथे पूर्वेची.

फरक किती? पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्व किनाऱ्यावर दीड हजाराच्या आसपास, आणि मधल्या पठाराच्या सर्वांत ओल्या भागात ४००० मिलिमीटरपर्यंत. क्युरपिप हे शहर या पठारावर आहे. किनाऱ्यावरून ऊन बघून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात तिथे झिमझिम पावसात उभा असतो. म्हणून कोणत्याही बाजूला राहा, बेटाच्या मध्ये जाताना पातळ जॅकेट गाडीत ठेवा.

विमानतळ आग्नेयेला आहे, म्हणजे नेमका ओल्या बाजूला. उतरल्यावर आभाळ भरून आलेलं दिसलं म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. पश्चिमेला जाणाऱ्यांना तासाभरात बहुतेक वेळा ऊन भेटतं.

पायरी २: तुमची सुट्टी कधी आहे?

मराठी घरांच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात. मे महिना, गणपती, दिवाळी, नाताळ. नवविवाहितांसाठी लग्नसराई संपेल तेव्हा. तेव्हा एकेक काळ घेऊ.

मे महिना हा मॉरिशसच्या ऋतूंचा सांधा आहे. उन्हाळा सरलेला, वादळांची भीती जवळजवळ गेलेली, हवेतला दमटपणा कमी झालेला, आणि पाण्यात मात्र उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वारा हळूहळू उचलायला लागतो, पण अजून त्याने पूर्ण जोर धरलेला नसतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर कोणतीही बाजू चालेल. शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर मी पश्चिम किंवा वायव्येकडे झुकतं माप देईन. शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांच्या पदरात तिथला एक उत्तम काळ आपसूक पडतो.

जून ते ऑगस्ट. इथे चूक सगळ्यांत महागात पडते. आपल्याकडे पावसाळा असतो, सवलतीच्या जाहिराती येतात, आणि त्यातली पूर्वेकडची भव्य हॉटेलं मोहात पाडतात. तीच हॉटेलं डिसेंबरात बरीच महाग असतात, म्हणून स्वस्तात मिळाल्याचा आनंद होतो. पण ती स्वस्त का आहेत, याचं मोठं कारण वारा आहे. या तीन महिन्यांत पोहायला, लहान मुलांना पाण्यात खेळवायला जाणार असाल तर पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्या आणि त्यावर ठाम राहा. अपवाद फक्त ज्यांना वाराच हवा आहे त्यांचा. काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावण्याचा खेळ करणारे जगभरातून याच काळात नैऋत्य टोकाच्या ले मॉर्नला येतात.

गणपतीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आपण घर सोडून सहसा जात नाही. पण जे जातात त्यांच्यासाठी हा काळ वेगळा आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर कामाला नेलेल्या रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणी मुलखातल्या माणसांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, आरत्या म्हणतात आणि वाजतगाजत नदीत किंवा समुद्रात विसर्जन करतात. पठारावरच्या वाक्वा शहराजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ साली तिथला पहिला गणेशोत्सव झाला असं मानलं जातं. मराठी वस्ती वाक्वा आणि पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात जास्त आहे. म्हणजे वाऱ्याचा सल्ला आणि गणपतीचा ओढा, दोन्ही तुम्हाला पश्चिमेलाच नेतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणी तुमच्याशी क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, मिसळलेलं मराठी बोललं तर थांबा आणि गप्पा मारा. दीड शतकाहून जास्त काळ समुद्रापलीकडे जपलेली आपली भाषा ऐकायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

दिवाळीची सुट्टी, म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. माझ्या मते मॉरिशससाठी वर्षातला सर्वोत्तम काळ हाच. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत कोरडा महिना. वारा उतरलेला असतो, पाणी तापायला लागलेलं असतं, पावसाला अजून अवकाश असतो. पूर्वेच्या पांढऱ्या वाळूचं आणि रुंद लॅगूनचं कौतुक ऐकलं असेल तर ते या दिवसांत बघा. बाजू निवडताना हवामान बाजूला ठेवून केवळ आवडीनुसार निवडता येईल असा हा काळ. दिवाळीलाही तिथे सुट्टी असते आणि गावोगावी दिवे लागतात.

नाताळ आणि नवं वर्ष: गरम, दमट, गर्दीचं आणि सगळ्यांत महाग. आता गणित उलटं होतं. पश्चिमेला दुपारी हवा कोंडल्यासारखी वाटते, आणि हिवाळ्यात नकोसा झालेला पूर्वेचा वारा आता हवाहवासा वाटतो. डिसेंबरात पूर्व किनारा घ्यायला हरकत नाही.

जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य हंगाम, आणि फेब्रुवारी-मार्च सर्वांत जास्त पावसाचे. बेटावर दरवर्षी थेट वादळ येतंच असं नाही, पण आलं तर बाजू निवडून काही उपयोग नसतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या, आणि पोर्ट लुई तर कोरड्या मानल्या जाणाऱ्या बाजूला आहे. या काळात जायचंच असेल तर तारखा बदलता येतील असं तिकीट आणि वादळाने रद्द झालेल्या प्रवासाचा खर्च देणारा विमा घ्या. वादळाचे इशारे तिथे वर्गवारीने दिले जातात. वरच्या वर्गाचा इशारा लागला की बस, दुकानं, विमानं सगळं थांबतं आणि हॉटेलमधून बाहेर पडायचं नसतं.

पायरी ३: बाजूंची नीट ओळख करून घ्या

जाहिरातीत 'उत्तर', 'पूर्व' असे चार तुकडे केलेले असतात. प्रत्यक्षात ते इतके सरळ नाहीत, आणि फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

उत्तरेचंच घ्या. ग्राँ बे हे पर्यटकांचं गजबजलेलं गाव. दुकानं, हॉटेलं, भारतीय जेवण, रात्री उशिरापर्यंत जाग. पण ग्राँ बेची खाडी बोटींनी भरलेली असते. पोहायला तिथून थोडं पुढे पेरेबेरला किंवा दुसऱ्या अंगाला माँ श्वाझी आणि त्रू ओ बिशला जायचं. त्रू ओ बिशचा किनारा वायव्येला तोंड करून आहे, उतार मंद आहे, तळाशी वाळू आहे. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना मी सगळ्यांत आधी हेच नाव सांगेन. माँ श्वाझीला लांबलचक अर्धचंद्राकृती वाळू आणि मागे सुरूचं बन. आता गंमत बघा: लाल छपराच्या छोट्या चर्चमुळे फोटोंत दिसणारं काप मालरो आणि तिथून पुढचं ग्राँ गोब हेही 'उत्तर' म्हणूनच विकलं जातं. पण तो किनारा ईशान्येकडे वळलेला आहे आणि हिवाळ्यात वारा खातो. उत्तरेत हॉटेल घेताना ते काप मालरोच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं तपासलं तरी निम्मं काम झालं.

उत्तरेचा आणखी एक फायदा म्हणजे पावसाच्या दिवशी करायला काहीतरी असतं. पांप्लमूसची बाग आणि तिथली परातीएवढ्या पानांची कमळं, जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय, आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर आणले गेले, त्यांतले बरेचसे याच घाटाच्या पायऱ्या चढून आले. २००६ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. बाजू कोणतीही निवडा, अर्धा दिवस इथे द्याच. मुंबई बंदरातून निघालेली आपलीही माणसं त्यांत होती.

पश्चिम ही सर्वांत कोरडी आणि हिवाळ्यात सर्वांत उबदार बाजू. सूर्यास्त समुद्रात होतो तो इथेच. पूर्वेला राहिलात तर संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो. फ्लिक आँ फ्लाकला लांब सार्वजनिक किनारा आहे. बसची सोय आहे, किराणा दुकानं आहेत, स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या खोल्याही आहेत. खर्च आटोक्यात ठेवून आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाला हे गाव फार सोयीचं. शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबं मोठमोठी भांडी, गाणीबजावणी घेऊन येतात. गर्दी होते, पण ती पाहण्यासारखी असते. दक्षिणेला थोडं सरकलं की तामारँ. तिथल्या खाडीत पहाटे डॉल्फिन येतात. बोटी सकाळी सहा-साडेसहाला निघतात, आणि एका कळपाभोवती पुष्कळ बोटी जमतात तेव्हा ते दृश्य त्रासदायक होतं. लवकर निघणारा आणि लांब थांबून दाखवणारा नावाडी शोधा. पूर्वेला राहून हा बेत करायचा तर पहाटे साडेचारला मुलांना उठवावं लागतं, हेही ध्यानात घ्या.

पश्चिमेच्या टोकाला ले मॉर्न. ५५६ मीटर उंचीचा कातळ थेट समुद्रातून वर आलेला. पळून गेलेल्या गुलामांनी इथे आसरा घेतला होता आणि २००८ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जागा विलक्षण सुंदर आहे. पण नकाशात पश्चिमेला दिसते म्हणून इथे शांत पाणी मिळेल असं धरू नका. वारा डोंगराला वळसा घालून इथे जोरात येतो, म्हणून तर काइटसर्फिंगवाले इथे जमतात. शिवाय हिवाळ्यात दक्षिण महासागरातून येणाऱ्या मोठ्या लाटा या भागात प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात. जुलैत छोट्या मुलांना पोहायला ले मॉर्नला ठेवण्यापेक्षा फ्लिक आँ फ्लाकला राहा आणि ले मॉर्न, शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल हे एका दिवसात गाडीने करून या.

पूर्व किनारा रूपाने सगळ्यांत देखणा, यात वाद नाही. बेल मार ते पालमार हा पट्टा म्हणजे पांढरी वाळू, रुंद फिकट निळं लॅगून आणि सूर्योदय. गाव असं जवळपास नसल्यामुळे शांतता. नवविवाहितांना ऑक्टोबर ते डिसेंबरात यासारखी जागा नाही. इल ओ सेर या छोट्या बेटावर जाणाऱ्या बोटी त्रू दो दूसहून सुटतात आणि इथून त्या अगदी जवळ. पण बेल मारच्या उत्तरेला पोस्त लाफायेतच्या बाजूला गेलात तर झाडंच तुम्हाला वाऱ्याचा इतिहास सांगतील: किनाऱ्यावरचे सुरू जमिनीकडे झुकून वाढलेले असतात. लॅगून उथळ असल्यामुळे ओहोटीला काही ठिकाणी पाणी जेमतेम गुडघ्याएवढं राहतं. मॉरिशसची भरती-ओहोटी कोकणापेक्षा खूप कमी, अर्ध्या मीटरच्या आसपास, पण पाणीच उथळ असल्यावर तेवढंही जाणवतं.

आग्नेयेला ब्लू बे आणि मायबूर. विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटं. ब्लू बेचं सागरी उद्यान प्रवाळ बघायला उत्तम, आणि काचेच्या तळाच्या बोटी असल्यामुळे पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही ते बघता येतं. समोरच्या इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर मॉरिशसचं मूळ जंगल परत उभं केलं जात आहे आणि तिथे गुलाबी कबुतरं दिसतात. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे जहाज याच भागात प्रवाळावर अडकलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडलं. तेव्हा स्थानिक माणसांनी उसाची पात आणि कापड भरून तरंगते बांध शिवले आणि समुद्रात सोडले. लोक आपल्या समुद्रावर किती जीव लावतात हे त्या दिवसांत जगाने पाहिलं.

दक्षिण ही बघायची बाजू आहे, पोहायची कमी. सुयाकजवळ ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत तुटते आणि महासागर थेट कड्यांवर आदळतो. तिथे पाण्यात उतरू नका. बेल ओंब्रला लॅगून आहे, हॉटेलंही चांगली आहेत, पण हिवाळ्यात गार आणि वाऱ्याचं. इथून गंगा तलाव, ब्वा शेरीचे चहामळे जवळ पडतात. महाशिवरात्रीच्या दिवसांत हजारो भाविक कावड घेऊन चालत गंगा तलावाला जातात. शंकराची ३३ मीटरची मूर्ती आहे ती इथेच. त्या दिवसांत गाडीने फिरण्याचा बेत असेल तर रस्ते तासन् तास अडतात हे गृहीत धरा, किंवा सरळ त्यांच्याबरोबर थोडं चाला.

पायरी ४: बरोबर कोण आहे आणि जेवणाचं काय

शाकाहारी कुटुंबांसाठी हा मुद्दा हवामानाइतकाच महत्त्वाचा आहे. फ्लिक आँ फ्लाक, ग्राँ बे, त्रू ओ बिश या गावांत हॉटेलबाहेर पडून चालत जेवायला जाता येतं. पूर्वेला आणि बेल ओंब्रला बहुतेक वेळा तुम्ही हॉटेलच्याच जेवणावर अवलंबून असता, आणि एकेका जेवणाचा वेगळा हिशोब केला तर तो फार महाग जातो. त्या बाजूला राहणार असाल तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरूनच बुकिंग करा. पश्चिमेला किंवा उत्तरेला फक्त नाश्ता पुरे. दुपारी रस्त्यावरची धॉल पुरी खा: डाळ भरून लाटलेली मऊ पातळ पोळी, आत बीन्सची रस्साभाजी, चटणी, आणि कागदात गुंडाळून नेहमी जोडीने दिलेली. त्या पोळीत डाळच असते, पण भरायच्या गोष्टी विचारून घ्या. मिरचीचे डाळवडे, ज्यांना तिथे गातो पिमाँ म्हणतात, सकाळी गरम मिळतात.

ज्येष्ठ मंडळी असतील तर लांबचे प्रवास कमी करणारी बाजू निवडा. दमा किंवा सांधेदुखी असलेल्यांना हिवाळ्यातला पूर्वेचा वारा त्रास देतो. लहान मुलं असतील तर पोहण्याच्या जागेला तरंगत्या खुणांनी बांधलेली सीमा आहे का ते पाहा. सार्वजनिक किनाऱ्यांवर ती बऱ्याच ठिकाणी असते. सगळ्यांसाठी पाण्यातले बूट घ्याच. प्रवाळाचे तुकडे, सी अर्चिनचे काटे आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश या तिन्हींपासून तेच वाचवतात, आणि हे कोणत्याही बाजूला लागू आहे.

पायरी ५: अंतरं मिनिटांत मोजा

विमानतळापासून ग्राँ बे सव्वा ते दीड तास, फ्लिक आँ फ्लाक आणि बेल मार साधारण एक तास, ले मॉर्न त्याहून थोडं जास्त. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना रस्ता उसाच्या शेतांमधून, गावांमधून आणि असंख्य गोल चौकांमधून जातो, आणि सकाळ-संध्याकाळ पोर्ट लुईजवळ कोंडी होते. नकाशातले ४५ किलोमीटर सहज दीड तास खातात. त्यामुळे 'एका ठिकाणी राहून रोज दुसऱ्या टोकाला जाऊ' हा बेत तीन दिवसांत थकवतो.

गाडी डावीकडून चालवतात, म्हणजे आपल्याला सवयीची. भाड्याची गाडी घेतलीत तर बाजूची चूक बरीचशी भरून निघते. वारा सुटला की पलीकडे निघून जाता येतं. गाडी नको असेल तर उत्तर किंवा फ्लिक आँ फ्लाकच निवडा. बस स्वस्त आहेत, पण संध्याकाळनंतर गावांकडच्या फेऱ्या आटतात. मेट्रो पोर्ट लुईहून वाक्वामार्गे क्युरपिपपर्यंत जाते. पठारावरची शहरं बघायला ती छान आहे, किनाऱ्यांना मात्र ती जात नाही.

पायरी ६: बुकिंग करण्याआधी नकाशा उघडा

हॉटेलचं नाव उपग्रह नकाशावर शोधा आणि त्याची वाळू कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. पश्चिम किंवा वायव्य असेल तर हिवाळ्यात आडोसा. पूर्व किंवा आग्नेय असेल तर समोरून वारा. मग समुद्रात पांढऱ्या फेसाची रेघ शोधा. ती प्रवाळाची भिंत. ती किनाऱ्यापासून लांब असेल तर मध्ये रुंद शांत लॅगून आहे. रेघ किनाऱ्याला चिकटलेली असेल किंवा दिसतच नसेल तर तिथे पोहण्याचा आग्रह धरू नका. हिवाळ्यात सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूने जातो, त्यामुळे दक्षिणेला तोंड असलेल्या खोल्या आणि सज्जे गार राहतात. जून ते ऑगस्टमध्ये खोली मागताना हे आठवणीने सांगा.

त्यानंतर पाहुण्यांचे अभिप्राय वाचा, पण सगळे नाही. फक्त तुमच्या महिन्यातले. डिसेंबरातल्या पाहुण्याने केलेली स्तुती जुलैत जाणाऱ्याच्या उपयोगाची नाही. हॉटेलला थेट विचारा: या महिन्यात तुमच्या किनाऱ्यावर वारा कसा असतो, ओहोटीला पोहता येतं का, किनाऱ्यावर समुद्री शेवाळ येतं का. निघण्याच्या आठवड्यात एखाद्या हवामान ॲपवर बेल मार आणि फ्लिक आँ फ्लाक या दोन जागांचा वारा शेजारी-शेजारी बघा. बोटीच्या सहली कमी वाऱ्याच्या दिवशी टाका. इल ओ सेरची बोट जोराच्या वाऱ्यात माणसांना आणि सामानाला अक्षरशः भिजवून काढते.

पायरी ७: एक मुक्काम की दोन?

पाच रात्रींपर्यंत एकच. सामान बांधण्यात अर्धा दिवस जातो आणि तो परत मिळत नाही. सहा किंवा जास्त रात्री असतील तर दोन मुक्काम करा, पण ते विरुद्ध स्वभावाचे असू द्या. त्रू ओ बिश आणि माँ श्वाझी हे दोन मुक्काम म्हणजे एकच मुक्काम दोनदा.

दोन उदाहरणं घेऊ. पुण्याहून सहा जणांचं कुटुंब, आजी-आजोबा आणि दोन शाळकरी मुलं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आठ रात्री. पहिल्या पाच रात्री त्रू ओ बिशला स्वयंपाकघर असलेलं घर, कारण पाणी उथळ, जेवणाची सोय जवळ आणि आप्रवासी घाट, पांप्लमूस हाताशी. उरलेल्या तीन रात्री ब्लू बेजवळ: काचेच्या तळाची बोट, इल ओ एग्रेत, आणि परतीच्या दिवशी विमानतळ जवळ. त्यांत सोमवार येईल असं बघा, कारण मायबूरचा मोठा आठवडी बाजार सोमवारी भरतो.

दुसरं, ठाण्याचं नवं जोडपं, जुलैच्या शेवटी सहा रात्री, आणि मनात भरलेलं बेल मारचं हॉटेल. पहिल्या चार रात्री फ्लिक आँ फ्लाक किंवा त्याच्या दक्षिणेचं वोलमार. तिथून एक दिवस ले मॉर्न-शामारेल आणि एक पहाट तामारँला. मग शेवटच्या दोन रात्री पूर्वेला, पोहण्याची अपेक्षा न ठेवता, सूर्योदय आणि हॉटेलचा आराम यांसाठी. बेल मारला जाताना सकाळी लवकर निघा. वारा दुपारी वाढतो आणि इल ओ सेरची बोट दहाच्या आत पकडली तर जाणं तरी कोरडं होतं. परतताना मोबाईल आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.